तारेची सावली

पासिर रिस, सिंगापूर
२० जुलै

प्रिय आत्या,
सा. न.

आधी माफी मागते. तुझी दोन पत्रं येऊन पडली आहेत आणि मार्चपासून मी एका ओळीचंही उत्तर दिलेलं नाही. ऑफिसात ऑडिट होतं, चैत्रालीची परीक्षा होती, सुबोध महिनाभर दौऱ्यावर होता. हे सगळं खरं आहे. पण याच दिवसांत मी बेडोकला जाऊन अख्खी दुपार पडद्यांचं कापड निवडत बसले होते, त्यामुळे वेळच नव्हता असं म्हणवत नाही. लिहायला बसलं की पहिल्या वाक्यापुढे हात जात नव्हता.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो, बुडत्या बेटाची ती मालिका सारंगच्या स्टुडिओचीच. आणि तू पेपरात वाचलंस तेही बरोबर आहे. तिला यंदा अमेरिकेतल्या त्या एमी या टीव्ही पुरस्काराचं नामांकन आहे, दृश्यपरिणामांसाठी. म्हणजे सारंगने ज्या प्रकारचं काम केलं, त्याच कामाला.

तो नेमकं काय करतो हे तू मला तिसऱ्यांदा विचारते आहेस, तर या वेळी नीट लिहिते. दीपगृहावरून उडी मारणारी ती बाई आहे ना, तिच्या पाठीला खरोखर तार बांधलेली असते. चित्रीकरण झाल्यावर ती तार एकेका चित्रातून पुसायची, आणि तारेमागे जे झाकलं गेलं होतं, आभाळ, भिंत, पाणी, ते पुन्हा भरायचं. एका क्षणात अशी दोन डझन चित्रं असतात. प्रेक्षकाला काहीच दिसलं नाही की काम चांगलं झालं.

सारंग बरा आहे. कामात आहे.

तुझी
अनघा

उद्या: सारंगशी बोलणे.

(हे शेवटचं चुकून आलं. मी पत्र आधी डायरीत लिहिते आणि पानाखाली दुसऱ्या दिवसाचं काम टिपून ठेवते. टाईप करताना तेही उतरलं.)

---

पुणे
२४ जुलै

चि. अनघा,
अनेक आशीर्वाद.

माफीबिफी राहू दे. पत्र आलं, पावलं. नेहमीप्रमाणे हे हाताने लिहिते आहे, शेजारची संजीवनी फोटो काढून पाठवेल. माझ्या कानांना फोन आता अजिबात झेपत नाही. माणूस समोर असलं तर ओठांवरून निम्मं कळतं, निम्मं मी ठरवते.

सारंगला नामांकन! तू ते इतकं सहज लिहिलंस की मी पत्र दोनदा वाचलं. परवा ज्येष्ठ नागरिक संघात सांगितलं. आमचे सेक्रेटरी प्रबोध दाते म्हणाले, "वहिनी, तुमचा मुलगा पुसतो ना हो तिकडे?" मी म्हटलं, "हो, पुसतो. आणि पुसण्यासाठी अमेरिका बक्षीस देते. तुमचा मुलगा बँकेत लिहितो, त्याला कोण देतं?" दाते मोठ्याने बोलतात, त्यामुळे त्यांचं मला सगळं ऐकू येतं, हे माझं दुर्दैव.

तुला माहीत आहे, सारंगने इंजिनिअरची नोकरी सोडली तेव्हा तुझे काका, तुझे बाबा, सगळं घर एका बाजूला होतं. मी एकटी म्हणत होते, करू दे. काका तर जाईपर्यंत "तुझा चित्रकार काय म्हणतो?" असंच विचारत. म्हणून मला हे बघायचं आहे. चारचौघांत बघायचं आहे.

ठरलं असं: समारंभ आपल्याकडे १५ सप्टेंबरच्या पहाटे साडेपाचला दिसणार. संघाच्या हॉलमध्ये मोठा पडदा लावायचा, चहा आणि उपमा. पितृपक्ष येतो म्हणून दोघीतिघींनी नाकं मुरडली. मी म्हटलं, अमेरिकेला पितृपक्ष नसतो.

आता मला कळव: तो अमेरिकेला जाणार का? काय घालणार? काळा कोट असेल तर खाली बूट तरी बरे घे म्हणावं. आणि मला लिहीत का नाही? सकाळी फुलांचं चित्र येतं, संध्याकाळी अंगठा. मुलाचं पत्र म्हणून मी अंगठा किती वेळा वाचू?

मालिका बघायला घेतली आहे. खाली अक्षरं येतात म्हणून बोलणं कळतं. पण त्याचं काम कुठे आहे ते सापडत नाही. नेमके प्रसंग विचारून कळव.

आणि एक. "उद्या: सारंगशी बोलणे" असं लिहिलंस. एकाच गावात राहता. बोलणं हे टिपून ठेवायचं काम कधीपासून झालं?

आत्या

---

पासिर रिस
२७ जुलै

सारंग,

सोबत आत्याच्या पत्राचा फोटो आहे. आधी तो वाच, मग हे.

वाचलंस? आता ऐक. मार्चमध्ये तू सामान घेऊन आमच्या हॉलमध्ये बसला होतास आणि म्हणालास, "अनघाताई, आईला एवढ्यात सांगू नकोस, दुसरं काम लागलं की मीच सांगतो." मी हो म्हटलं. तुझा सिंगापुरात राहायचा पास संपत आला होता, तुझा चेहरा बघवत नव्हता, आणि दोन-चार आठवड्यांचा प्रश्न वाटला. आता जुलै संपतोय. तू क्वालालंपूरला शांपूच्या जाहिरातींत केसांच्या उडालेल्या बटा पुसतो आहेस आणि तुझी आई तुला काळा कोट घालून अमेरिकेला पाठवते आहे.

मी तिला लिहिलं, "कामात आहे." खोटं नाही. वाक्य लिहून झाल्यावर मी ते परत वाचलं आणि मला समाधान वाटलं की हे खोटं नाही. त्या समाधानाचीच आता लाज वाटते. "त्याच कामाला नामांकन" हेही तसंच. विभागाच्या प्रमुखांची मोजकी नावंच यादीत असतात हे मला माहीत होतं. पुढचं वाक्य लिहायचं होतं, ते मी लिहिलं नाही.

तिला राग येईल म्हणून तू लपवत नाहीस, हे मला कळतं. ती सगळ्यांशी भांडली आणि तू पडलास, असं तुला वाटतं. पण तिने आता हॉल भरवलाय. दाते तिथे पहिल्या रांगेत असणार.

चैत्रालीला मी काही सांगितलं नव्हतं, तरी तिला सगळं माहीत आहे. परवा जेवताना म्हणाली, "मम्मा, जस्ट टेल हर लाह. शी नॉट ब्लर वन." सुबोध म्हणाला, "हिच्या मते जगात ब्लर, म्हणजे बावळट, फक्त आपण दोघं."

तू लिही तिला. आणि निदान तुझे प्रसंग कोणते ते मला कळव.

अनघाताई

---

क्वालालंपूर
२ ऑगस्ट

अनघाताई,

आईचं पत्र वाचून मी हसलो, मग ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो.

एक चांगली बातमी देतो. तिला वाटतंय तसं काही घडणारच नाही. दृश्यपरिणामांचं बक्षीस त्या मोठ्या समारंभात देतच नाहीत. कॅमेरा, आवाज, केशभूषा, आमचं खातं, हे सगळं एक आठवडा आधी वेगळ्या समारंभात उरकतात. मोठ्या रात्री फक्त नट, लेखक, दिग्दर्शक. त्यामुळे हॉलमध्ये तीन तास बसूनही आमच्या मालिकेच्या या नामांकनाचा उल्लेख येणार नाही. दातेकाका उपमा खाऊन घरी जातील. कोणाला काही कळणार नाही. मग सांगण्याची गरज काय? राहू दे ना.

माझे प्रसंग: तिसऱ्या भागात लाट त्या बाईला उचलते ते. पाचव्या भागात ती भर उन्हात दीपगृहाच्या बाहेरच्या भिंतीवरून चढते ते. बाकी तुकडे तुकडे आहेत, सांगून कळणार नाहीत.

मालिका आली तेव्हा मी ती पाहिली नाही. अजूनही नाही. शेवटच्या नावांत माझं नाव ठेवलं की काढलं तेही माहीत नाही. आम्ही पंधरा-वीस जण एकदम गेलो, तेव्हा नावांची यादी पक्की व्हायची होती.

तुला अडचणीत टाकलं, सॉरी. पण तू लिहितेस छान. "कामात आहे" एकदम बरोबर आहे. आज दिवसभर एकाच बाईच्या कपाळावरची एक बट काढत होतो.

सारंग

---

पासिर रिस
१० ऑगस्ट

प्रिय आत्या,
सा. न.

काल इथे राष्ट्रीय दिन होता. आमच्या ब्लॉकच्या प्रत्येक गॅलरीत झेंडा आहे, आणि विमानं डोक्यावरून गेली की चैत्राली अजूनही लहानपणासारखी धावते. या आवाजात तुला पत्र लिहायला घेतलं, कारण शांतता मिळाली की मी लिहायचं टाळते, असं माझ्या लक्षात आलं आहे.

मागच्या पत्रातल्या दोन गोष्टी मी अर्धवट लिहिल्या होत्या. पहिली: नामांकन सारंगच्या नावाने नाही. यादीत मोजके प्रमुख असतात. काम करणारे शेकड्यांनी असतात, सारंग त्यांतला. दुसरी: हे बक्षीस १५ तारखेला हॉलमध्ये दिसणाऱ्या समारंभात नसतंच. ते एक आठवडा आधीच्या वेगळ्या समारंभात देतात. तेव्हा तू हॉलचा कार्यक्रम रद्द कर, आत्या. मी आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं. अजून कार्डं वाटली नसशील अशी आशा आहे.

त्याचे प्रसंग: तिसरा भाग, लाट. पाचवा भाग, दीपगृहाची भिंत. दोन्ही मी पाहिले. काहीही दिसलं नाही, म्हणजे उत्तम आहेत.

तो अमेरिकेला जाणार नाही. बुटांचं सांगितलं.

"बोलणं हे टिपून ठेवायचं काम कधीपासून झालं?" याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते मी देणं योग्य आहे की नाही हे ठरत नाही. हे वाक्य खोडलं होतं, पुन्हा लिहिलं.

तुझी
अनघा

---

पुणे
३० ऑगस्ट

चि. अनघा,
अ. आ.

गणपती बसले. हात जरा मोकळा झाला म्हणून उत्तर देते आहे.

हॉल रद्द करणार नाही. समारंभ बघायला घरचं माणूस व्यासपीठावर लागतंच असं कुठे आहे? दात्यांना मात्र मी स्वतः सांगितलं की सारंगचं नाव यादीत नाही. ते म्हणाले, "मग आपण पहाटे उठायचं कशासाठी?" मी म्हटलं, "तुम्ही तसेही चारला उठून कॉलनीला खोकून उठवता. त्या दिवशी हॉलमध्ये येऊन खोका."

आता मुद्द्याचं. तिसरा भाग पाहिला. लाट येते, बाई वर जाते. संजीवनीच्या टीव्हीवर थांबवत थांबवत पाहिलं. कुठेही काही नाही. पाण्याचे थेंबसुद्धा जिथल्या तिथे. मला फार बरं वाटलं.

मग पाचवा. ती भिंतीवरून चढते. ऊन चांगलंच आहे, भिंत पांढरी. तिची सावली भिंतीवर पडली आहे. आणि त्या सावलीच्या पाठीतून, अनघा, एक सरळ बारीक रेघ वर जाते. पापणी लवेपर्यंतच असते. मी संजीवनीला म्हटलं, मागे घे. ती म्हणाली, "काकू, तडा असेल भिंतीला." तडा बाईबरोबर वर चढतो का? चार वेळा मागे घ्यायला लावलं. तार नाही, पण तारेची सावली आहे.

तू पाहिलंस आणि तुला दिसली नाही. तुझा दोष नाही. तुम्ही ऐकत बघता. मला आवाज नाही, मला फक्त बघायचंच असतं.

आता ऐक. परवा मखर लावताना आठवलं. सारंग सातवीत असेल. विसर्जनानंतर मखर उतरवलं की भिंतीवर चिकटपट्टीचे डाग राहायचे. काका म्हणायचे, पुढच्या वर्षी तिथेच तर लावायचंय. हा ऐकायचा नाही. खोबरेल तेलाचा बोळा घेऊन बसायचा, आणि डाग गेल्यावर डागाच्या भोवतीची कड पुसायचा. जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. तो मुलगा तार काढेल आणि सावली ठेवेल? हे त्याचं काम नाही. त्या भिंतीवर शेवटचा हात दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

मग सारंग कुठे होता?

तू मार्चपासून गप्प. तो अंगठे पाठवतो. तुझ्या पत्रात "बरा आहे, कामात आहे", कोणत्या कामात ते नाही, आणि त्याच्या ऑफिसचं, त्याच्या खोलीचं एक अक्षर नाही. आधीच्या पत्रांत असायचं. मी पत्रं काढून पाहिली.

मी सरळ विचारते. त्याची नोकरी गेली आहे का?

आत्या

---

पासिर रिस
३ सप्टेंबर

प्रिय आत्या,
सा. न.

तुझं पत्र मी सारंगला जसंच्या तसं पाठवलं आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्याने द्यायचं आहे, आणि ते तो देईल असं त्याने मला कळवलं आहे. मी त्याला शब्द दिला होता. तो शब्द द्यायला नको होता असं आता वाटतं, पण दिलेला मोडणं हेही माझ्याने होत नाही. या उत्तरावरून तू जे समजायचं ते समजशीलच.

एवढं मात्र मी माझ्या जबाबदारीवर लिहिते: तो सुखरूप आहे, पोटापुरतं मिळवतो आहे, जेवतो आहे.

काल पुन्हा पाचवा भाग लावला. आवाज बंद करून पाहिला. दिसली.

अनघा

---

क्वालालंपूर
८ सप्टेंबर

प्रिय आई,
सा. न.

हे पत्र अनघाताईलाही पाठवतो आहे, म्हणजे ती झोपू शकेल.

हो. नोकरी फेब्रुवारीत गेली. माझ्या चुकीने नाही, कामं कमी झाली म्हणून आमचा अख्खा गट काढला. पास संपायच्या आत सिंगापुरात दुसरं काम मिळालं नाही, म्हणून मार्चमध्ये इथे मलेशियात आलो. मित्र आहे अनीश, त्याच्या छोट्या कंपनीत जाहिरातींचं काम करतो. तुला सांगितलं नाही, कारण तू सगळ्यांना सांगितलं होतंस की मी बरोबर होतो. मला तुला खोटं पाडायचं नव्हतं. आता हे वाचताना मलाच ते फार शहाणपणाचं वाटत नाही.

काल इकडे सकाळ असताना तिकडे तो छोटा समारंभ झाला. आमच्या मालिकेला मिळालं नाही. मी बघितलं. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण ज्यांना मिळालं त्यांचा एक तुकडा दाखवला तेव्हा मी त्यातली तार शोधत होतो. सापडली नाही. छान केलंय त्यांनी.

आता भिंतीचं. तुझं पत्र आल्यावर मी पाचवा भाग पहिल्यांदाच लावला. रेघ आहे. पण आई, तू एका बाबतीत चुकलीस. तिथे दुसऱ्या कुणाचा हात नाही. ती तार मीच काढली. भिंत मीच भरली, आठवडा गेला त्यात. सावली मला दिसली होती. तार आधी, सावली नंतर, असंच करतात. सावली दुसऱ्या दिवसावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला कार्ड लावलं आणि दार उघडलं नाही. आधी वाटलं, कार्ड बिघडलंय. मग मागे बघितलं तर आमच्यातले आणखी सहा-सात जण कार्डं घेऊन उभे होते.

माझ्यानंतर त्या भिंतीकडे कुणी पाहिलंच नाही, असं दिसतं. तू पाहिलंस.

हॉलमध्ये काय सांगायचं ते तू ठरव. काहीच सांगितलं नाहीस तरी चालेल.

बूट घेतलेत. साधेच.

सारंग

---

पुणे
१६ सप्टेंबर

चि. अनघा,
अ. आ.

काल पहाटेचा कार्यक्रम झाला, त्याचा वृत्तांत कळवते.

हॉल भरला होता. उपमा जरा मऊ झाला. पडद्यावर आधी नुसते लांब झगे आणि लाल गालिचा. आमच्या राधिकाताई म्हणाल्या, "एवढा घोळ मागे फरपटत नेतात, धुणार कोण?" अर्ध्या लोकांना इंग्रजी कळत नव्हतं, मला ऐकू येत नव्हतं, त्यामुळे एकंदरीत सगळे सारख्याच पातळीवर होतो. बक्षीस घेताना माणसं रडतात आणि पुष्कळ नावं घाईघाईने घेतात, एवढं कळलं. वाजंत्रीवाले मध्येच वाजवून त्यांना गप्प करतात म्हणे. ती पद्धत संघाच्या वार्षिक सभेला आणावी असा माझा विचार आहे.

पण समारंभ सुरू व्हायच्या आधी मी संजीवनीला सांगून पाचवा भाग लावला. उभी राहिले आणि म्हटलं, हे माझ्या मुलाचं काम आहे, बघा आणि काय दिसतं ते सांगा. कुणाला काही दिसेना. मग मी काठीने पडद्यावर दाखवलं. पहिल्यांदा राधिकाताईंना दिसलं, मग सगळ्यांना. मग मी सांगितलं: तार त्याने काढली, सावली काढायच्या आधी त्याला काढलं. नोकरी गेली आहे, मलेशियात आहे, जाहिरातीत केस पुसतो. सगळं सांगितलं. सांगताना आवाज किती मोठा झाला ते मला कळत नाही, पण संजीवनी म्हणते बाहेर वॉचमनपर्यंत गेला.

दाते म्हणाले, "म्हणजे वहिनी, पुसायचं राहिलं म्हणून तुम्हाला मुलगा सापडला!" आता हे ते टोमणा म्हणून म्हणाले की कसं, चेहऱ्यावरून कळलं नाही. मी म्हटलं, "हो, तसंच." मग ते पुढे आले आणि पडद्याजवळ उभे राहून म्हणाले, "परत लावा. तार कुठून कुठे होती ते दाखवा." तीन वेळा लावायला लावलं. इतका वेळ त्यांनी गेल्या दहा वर्षांत माझ्या बोलण्याकडे लक्ष दिलेलं नाही.

आता संघात सगळ्यांना हेच वेड लागलंय. काल संध्याकाळीच मालिका लावून चुका शोधायला बसले. राधिकाताईंना एका सासूच्या हातात पाटल्यांच्या जागी बांगड्या झालेल्या सापडल्या.

सारंगला मी उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते त्याचं-माझं. डिसेंबरात येतो म्हणाला. त्याला म्हटलं, ये, भिंतीवर यंदाही डाग राहिलेत.

तुझ्याविषयी. तुझी पत्रं मी परत वाचली. एकाही ओळीत खोटं नाही. फार चांगलं लिहिलं आहेस. पुन्हा माझ्याशी इतकं चांगलं लिहू नकोस.

आणि एक काम. भाग संपला की नावं येतात ती मुंगीएवढी असतात आणि वाचायच्या आत पुढचा भाग सुरू होतो. संजीवनीने प्रयत्न केला, तिच्या टीव्हीवर ती कोपऱ्यात जातात. तू वाच. त्यात तो आहे का?

आत्या

---

पासिर रिस
२१ सप्टेंबर

प्रिय आत्या,
सा. न.

पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. सुबोध वाजंत्रीवर हसला, चैत्राली दात्यांवर. मग ती म्हणाली, "सी? आय टोल्ड यू, नॉट ब्लर." याचं भाषांतर करत नाही. तुझी स्तुती आहे.

त्या सोमवारी इथे सकाळचे आठ होते. मला ऑफिसला जायचं होतं, पण मी बुओना व्हिस्टाच्या गाडीत फोनवर समारंभ लावून बसले. कुणीतरी तरुण लेखिका बक्षीस घेऊन कागद वाचत होती, नावामागून नाव, आणि तुम्ही सगळे त्याच वेळी तिच्याकडे बघत असणार, उपमा खात, हे मनात आलं. मी माझं स्टेशन सोडून पुढे गेले. ऑफिसला उशीर झाला. कारण विचारलं तेव्हा खरं सांगितलं. कुणाला पटलं नाही.

तू म्हणतेस इतकं चांगलं लिहू नकोस. मी त्यावर विचार केला. मला वाटायचं, खोटं न लिहिणं म्हणजे खरं लिहिणं. ऑफिसात मी हेच बघते: अहवालात एकही वाक्य चूक नसतं आणि तरी कारखान्यात काय झालं ते कळत नाही. असा अहवाल मी परत पाठवते. तुझ्याकडे मात्र तसेच दोन पाठवले. का, ते अजून पूर्ण कळलेलं नाही. सारंगसाठी, असं म्हणणं सोपं आहे. मला तुझा आनंद मोडणारी व्हायचं नव्हतं, हे कदाचित जास्त खरं.

नावांचं. आत्या, तू विचारशील असं मला जुलैपासून वाटत होतं. आमच्या टीव्हीवर ती नावं थांबवता येतात, मोठीही करता येतात. मी पाचवा भाग तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा शेवट यायच्या आत बंद केला. नाव नसलं तर तुझ्यापासून आणखी एक गोष्ट लपवावी लागली असती, आणि असलं तर ते सारंगला सांगताना माझा आवाज कसा लागेल याची खात्री नव्हती. आता लपवायला काही उरलेलं नाही. तेव्हा मला सरळ कुतूहल वाटतंय, आणि ते वाटतंय याचंच बरं वाटतंय.

आज चैत्रालीचा क्लास आहे, ती रात्री उशिरा येईल. तिला म्हटलं होतं, मी एकटी बघून घेते. ती म्हणाली, नाही, मामाचं नाव आधी कोण शोधतं ते बघू. त्यामुळे उद्यावर ठेवलं आहे. कार्ड लागेल, दार उघडेल असं धरून.

तुझी
अनघा

(या वेळी पानाखालचं मुद्दाम उतरवते.)

उद्या: पाचव्या भागाची नावं, चैत्रालीबरोबर, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणे.